खिडकीची प्रत

१

सर जाऊन वर्ष व्हायच्या आतच त्यांच्यावर खोटेपणाचा आळ आला. आणि तो कुणा परक्यानं घेतला नाही. ज्यांनी त्यांच्याबरोबर एकाच विभागात अर्धं आयुष्य चहा घेतला, त्या विभागप्रमुखांनीच घरी येऊन, खुर्चीच्या अगदी कडेवर बसून, आवाज खाली आणून सांगितलं, “वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पण सरांच्या पुस्तकातलं सातवं प्रकरण आम्हाला काढावं लागेल.”

सरांच्या पत्नीच्या हातातला कप बशीत वाजला. बोलल्या त्या शेजारी बसलेल्या आत्याबाई.

आत्याबाई म्हणजे सरांची थोरली बहीण. संस्थेच्या ग्रंथालयात उभी हयात गेलेली, आणि निवृत्त झाल्यावरही समोरच्याकडे चष्म्यावरून बघायची खोड न गेलेली. त्यांच्या काळात ग्रंथालयातला जुना अंक वाचनकक्षाबाहेर जात नसे. कुणी त्यातला उतारा हातानं लिहून घेतला, तर आत्याबाई तो मूळ अंकाशी ओळीनं ओळ जुळवत, खाली ‘ताडून पाहिले’ असा गोल निळा शिक्का मारत, सही करत, आणि मगच तो कागद दाराबाहेर पडे. पोरं मागे त्यांना फौजदारीण म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

“का काढावं लागेल?” फौजदारीणबाईंनी विचारलं.

“त्या प्रकरणाचा सगळा डोलारा एका जुन्या निबंधावर उभा आहे. पानावर पडलेलं दव झाड पितं की ते नुसतं ओघळून जातं, हा सरांचा जन्मभराचा प्रश्न. डोंगरातल्या कुठल्याशा शाळामास्तरानं रोज पहाटे फांद्यांची वजनं करून तो सोडवला होता, असं सर लिहितात. पुस्तक तपासणाऱ्या समितीला तो निबंध बघायचाय. आपल्याकडचे जुने अंक नळ फुटला तेव्हा भिजून गेले. दुसरीकडे कुठेही नाही. आणि सरांच्या स्वतःच्या संग्रहात शोधलं, तर तिथेही नाही.”

“म्हणजे आमच्या धाकट्यानं पुरावा मनानं रचला, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“मी नाही म्हणत. समिती म्हणते.”

“समितीत कोण कोण आहे?”

विभागप्रमुखांनी घसा साफ केला. “मी आहे.”

मग विभागप्रमुख उठता उठता म्हणाले, “दुसरीही एक शक्यता आहे. कुणीतरी तो निबंध मुद्दाम काढून टाकला. सरांच्या शेवटच्या दिवसांत कुणीतरी बाहेरून त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून त्यांच्या निबंध शोधायच्या प्रोग्रॅममध्ये फेरफार केलाय. तशी नोंद आहे तिथे. आणि तो प्रोग्रॅम लिहिणारी जगात एकच व्यक्ती आहे.”

“चिमणी?” वहिनींच्या तोंडून निघालं.

चिमणी म्हणजे सरांची लाडकी विद्यार्थिनी. अखंड चिवचिवाट, म्हणून सरांनीच ते नाव ठेवलेलं. पुढे कशावरून तरी दोघांची वाजली, ती कंपनीत नोकरीला लागली आणि या घराची पायरी चढायची थांबली. “काहीतरीच काय!” वहिनी म्हणाल्या. “यांच्या ओठी तर तापाच्या भरातही तिचंच नाव होतं. ‘चिमणी येऊन गेली’ म्हणायचे. आणि ती तर फिरकली नव्हती हो.”

विभागप्रमुख गेले. जाताना, पुस्तक सोमवारी छपाईला जातंय, एवढं सांगून गेले.

दार लागल्यावर वहिनी नणंदेकडे वळल्या. त्यांचे डोळे कोरडे होते, आणि तेच आत्याबाईंना जास्त लागलं.

“वन्सं, पुस्तक नाही निघालं तरी चालेल मला. पण यांनी जन्मात एक ओळ खोटी लिहिली नाही. ते खोटे ठरून जायला नकोत. तुम्ही शोधा.”

२

सरांची खोली वहिनी रोज सकाळी नेमानं पुसत. त्यामुळे टेबल कसं आत्ताच कुणी उठून गेल्यासारखं होतं. चष्म्याचं घर, टोकं काढलेल्या पेन्सिली, आणि मध्यभागी सरांच्या पश्चात आलेला नवा कॉम्प्युटर, पाहुण्यासारखा अवघडून बसलेला.

सरांचाही एक नेम होता. रोज एक शोधनिबंध वाचून झाल्याशिवाय ते पानावर बसत नसत. वाचलेला निबंध संग्रहात जाई, त्याला ते दोन-चार खुणेचे शब्द आणि एका ओळीचा शेरा जोडत. असे हजारो निबंध जमले. मग व्हायचं असं, की निबंध आठवे, पण सापडत नसे. सर टेबलाचे खण उपसत, फोल्डरमागून फोल्डर उघडत, आणि चिमणी शेजारी उभी राहून हसे. एक दिवस तिनं आपणहून एक साधा प्रोग्रॅम लिहून आणला. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. नुसता काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ. तिथे ‘हुडक’ लिहायचं, पुढे हवा तो शब्द लिहायचा, की ज्या निबंधांत किंवा त्यांना जोडलेल्या खुणांत तो शब्द आहे ते सगळे खाली हजर. प्रोग्रॅमचं नावच पडलं हुडक. “पाळलेल्या कुत्र्यासारखा आहे हा,” सर म्हणायचे. “वास दिला की आणून पायाशी टाकतो.”

आत्याबाईंनी काळा पडदा उघडला आणि दोन बोटांनी सावकाश लिहिलं: हुडक दव शाळामास्तर.

पडदा क्षणभर थबकला. मग उमटलं: काही सापडलं नाही.

“आत्या, तुला काय शोधायचंय ते मला सांग ना.” दारात सोन्या उभा होता. सरांचा मुलगा. कपाळ डोक्याच्या मध्यापर्यंत गेलं होतं, तरी आत्याबाईंना तो अजून सोन्याच.

“तू सांग. जुन्या कॉम्प्युटरवरून इथे सगळं कुणी आणलं?”

“मी.”

“काही गाळलंस?”

“छे! जसंच्या तसं उचलून ठेवलं. आईनं बजावलं होतं, बाबांच्या कशाला हात लावायचा नाही म्हणून.”

हे म्हणताना सोन्या चष्म्याच्या घराकडे बघत होता. लहानपणी साखरेचा डबा सांडला तेव्हाही तो असाच भलतीकडे बघत उभा राहिला होता. आत्याबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

चिमणीनं कधीतरी त्यांना एक गंमत शिकवली होती. वरच्या बाणाचं बटण दाबलं, की आधी कुणी काय काय लिहिलं होतं ते एकेक करून उलट्या क्रमानं परत येतं. काळा पडदा कुणाची भीड धरत नाही. आत्याबाईंनी बटण दाबलं. पहिल्यांदा आलं त्यांचंच वाक्य. मग ‘हुडक’ आणि पुढे विभागप्रमुखांचं नाव. पुन्हा तेच नाव. परत तेच. आत्याबाईंच्या भुवया वर गेल्या. आणखी मागे गेल्या, तर तिथे होतं:

हुडक झाडू

आणि त्याच्याही आधी, पुन्हा एकदा: हुडक झाडू.

“हे काय रे सोन्या?”

सोन्याचा चेहरा पडला. “आत्या, आईला सांगू नकोस. नव्या कॉम्प्युटरमध्ये जागा पुरेना. झाडू मारला की एकाच निबंधाच्या दोन-दोन प्रती असतील तर जास्तीची निघते. बाबा स्वतः वापरायचे.”

“एकदा मारला की दोनदा?”

“दोनदा. पहिल्यानं नीट झालं की नाही कळेना, म्हणून परत. पण आत्या, तो जुळ्यांनाच हात लावतो गं. एकट्या निबंधाच्या वाटेला जात नाही. चिमणीनं लिहिलेलं कधी चुकायचं नाही.”

आणि अडचण तीच होती. मास्तरांचा निबंध जगात एकुलता एक. त्याला जुळं आणायचं कुठून?

३

विभागप्रमुखांच्या खोलीत आत्याबाईंनी नमनाला घडाभर तेल घातलं नाही.

“मागे एकदा तुम्ही आमच्याकडे दुपारभर कॉम्प्युटरपुढे होतात. मास्तरांचा निबंध शोधायला. मग स्वतःचंच नाव तीन-तीनदा कशाला शोधलंत?”

विभागप्रमुखांचे कान लाल झाले. एवढे मोठे गृहस्थ, पण वाचनकक्षात पेनाचं टोपण चावताना पकडलेल्या पोरासारखे दिसायला लागले.

“बाई, तुम्ही अजून फौजदारीणच आहात.”

“उत्तर द्या.”

“सर प्रत्येक निबंधाला शेरा जोडायचे. मला बघायचं होतं...” ते थांबले. “दवाच्या प्रश्नावर आम्ही जन्मभर भांडलो. समोरासमोर त्यांनी मला कधी उणं बोलून दाखवलं नाही. मला वाटलं, निदान शेऱ्यात तरी खरं लिहिलं असेल.”

“काय लिहिलं होतं?”

विभागप्रमुखांनी खण उघडून एक छापलेली चिठ्ठी पुढे सरकवली. त्यावर एकच ओळ होती. ‘हा चुकतोय, पण प्रामाणिकपणे चुकतोय. पुन्हा वाचावा.’

“आणि बाई, पुन्हा पुन्हा वाचलाय त्यांनी तो. माझ्या बायकोनंसुद्धा एकदा वाचलेला नाही.”

आत्याबाईंना हसू आवरलं नाही. थोड्या वेळानं विभागप्रमुखांनाही आवरलं नाही. हा माणूस काही निबंध चोरणारा नव्हे, हे आत्याबाईंना त्या हसण्यातच कळलं.

“माझंही मन घेत नाही हो,” ते डोळे पुसत म्हणाले. “पण हे बघा, समितीनं काय समजायचं?” त्यांनी पुस्तकाचे छपाईपूर्वीचे कागद काढले आणि सातव्या प्रकरणाच्या तळटिपेवर बोट ठेवलं. मास्तरांचा निबंध, अंक, पानं, सगळं रीतसर होतं. आणि शेवटी सरांनी लिहिलं होतं, ‘खिडकीची प्रत’.

“छापील प्रत म्हणा, छायाप्रत म्हणा. ही खिडकीची प्रत काय भानगड आहे? अशी कुठली प्रत कुणी ऐकली आहे का?”

आत्याबाईंनी ऐकली नव्हती. पण घरी येईपर्यंत तो शब्द त्यांच्या मनात बुटात गेलेल्या खड्यासारखा टोचत राहिला. पायातल्या चपलाही न काढता त्या सरांच्या खोलीत गेल्या आणि उभ्यानंच लिहिलं: हुडक खिडकी.

पडद्यावर एकच ओळ उमटली. एकच निबंध. मास्तरांचा नव्हे, पानांवरच्या लवेविषयीचा दुसराच कुठला तरी. त्यांनी तो उघडला आणि खाली बसल्या.

समोर छापील पान नव्हतंच. हातानं लिहिलेलं होतं. टपोरं, जरा डावीकडे झुकलेलं, ओळखीचं अक्षर. आणि पानाच्या तळाशी, वर्षांनी फिकट झालेला गोल निळा शिक्का: ‘ताडून पाहिले’.

शिक्क्याखाली सही होती. आत्याबाईंची स्वतःची.

४

“हे तुमचं अक्षर ना, वहिनी?”

वहिनी पडद्याजवळ आल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी काचेवरून बोट फिरवलं, जसं झोपलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावं तसं.

“हे आहे अजून?” त्या म्हणाल्या.

आत्याबाईंना वाचनकक्ष आठवला. उंच छत, लांब टेबलं, आणि पूर्वेच्या मोठ्या खिडकीखालचं एकटं टेबल. तिथे एक मुलगी रोज येऊन बसायची. तेव्हा ती कुणाची वहिनी नव्हती. छायाप्रती काढायचं यंत्र तेव्हा संस्थेत आलेलं नव्हतं, आणि जुने अंक बाहेर जात नव्हते. धाकटा पहाटे दव मोजायला रानात, दिवसभर प्रयोगशाळेत; त्याला वाचनकक्षाच्या वेळा कधी साधत नसत. मग त्याला हवा असलेला निबंध ही मुलगी खिडकीखाली बसून लिहून काढायची. तक्ते, आकृत्या, तळटिपा, सगळं. आणि घाबरत घाबरत आत्याबाईंच्या टेबलाशी येऊन म्हणायची, “बाई, ताडून देता?”

“तुमचा काय धाक वाटायचा वन्सं! एक स्वल्पविराम चुकला होता, तर अख्खं पान परत लिहायला लावलं होतंत.”

“मग? भावजय होणार आहे हे कुठे ठाऊक होतं? ठाऊक असतं तर दोन पानं लिहायला लावली असती.”

वहिनी हसल्या. किती दिवसांनी हसल्या.

“लोक प्रेमपत्रं लिहितात,” आत्याबाई म्हणाल्या. “तुम्ही दवाचे तक्ते लिहीत होतात.”

“हे उत्तर द्यायचे ना. प्रत हातात दिली की दुसऱ्या दिवशी पहिलाच प्रश्न, चौथ्या तक्त्यातला आकडा सात की एक? मी म्हणायची, अहो, सात. तेवढ्यावर आमचं सगळं चाललं होतं.” वहिनींचा आवाज हळू झाला. “पण वन्सं, त्या प्रती तर गेल्या. कपाटाला वाळवी लागली तेव्हा यांनी सगळा गठ्ठा अंगणात नेऊन जाळला. मी स्वयंपाकघरातून बघितलं. वाळवीचे कागद ठेवणार तरी कसे? बोलले नाही मी. पण मनात आलं, आपलं तेवढं एकच काम होतं यांच्या कामात.”

“जाळायच्या आधी त्यानं ते स्कॅन केले होते, वहिनी. हे बघा ना, कडेला वाळवीनं खाल्लेली नक्षीसुद्धा दिसतेय. तुमच्या खिडकीतल्या टेबलावरून त्यानं नाव दिलं, खिडकीची प्रत. मास्तरांचा निबंधही तुमच्याच हातचा असणार.”

“असेल. पहाटेच्या वजनांचे लांबलचक तक्ते होते एकात. हात मोडून आला होता.”

“अशा किती प्रती लिहिल्यात?”

“मोजल्या कुणी? कपाटाचा एक अख्खा खण होता.”

आत्याबाईंनी पडद्याकडे बघितलं. हुडक खिडकी. एक निबंध. एकच.

म्हणजे नाहीसा झाला होता तो मास्तरांचा एकटा निबंध नव्हताच. या हजारोंच्या संग्रहातून नेमकं एकाच माणसाचं अक्षर वेचून वेचून पुसलं गेलं होतं.

५

चिमणी आली ती अंग चोरून. दारातच तिनं वहिनींना वाकून नमस्कार केला, पण आत्याबाईंपुढे मान ताठ.

“मला माहीत आहे माझ्यावर काय आळ आहे. हो, आले होते मी बाहेरून. सर आजारी होते तेव्हा. एक बदलही केला. निबंधाला हात लावला नाही.”

“मग काय बदललंस?”

“ते माझं आणि सरांचं आहे.”

“अगं, चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची वेळ आली आहे, आणि तू...”

“होऊ दे.”

सोन्या कोपऱ्यात उभा राहून नखं खात होता. आत्याबाईंनी खुर्ची पुढे ओढली. आवाज मात्र चढवला नाही. वाचनकक्षात त्यांनी कधीच चढवला नव्हता.

“बरं, ते राहू दे. मला तुझा झाडू समजावून सांग. अडाण्याला सांगतेस असं सांग. दोन निबंध जुळे आहेत हे त्याला कळतं कसं? नावावरून?”

“नाही. सर एकच निबंध दोन नावांनी ठेवायचे, विसरून. म्हणून नावाकडे तो बघतच नाही. आतला मजकूर काढतो आणि मजकुराशी मजकूर जुळवतो. शब्द न् शब्द सारखा असेल तरच जुळे.”

“आणि सरांनी जोडलेले खुणेचे शब्द, शेरे?”

“तेही बघत नाही. एकाच निबंधाला सर दोनदा वेगवेगळे शेरे जोडायचे. फक्त आतला मजकूर.”

“आतला मजकूर वाचतं कोण?”

“कोण म्हणजे? यंत्र. छापलेली अक्षरं त्याला वाचता येतात.”

“आणि हातानं लिहिलेली?”

“हातानं लिहिलेलं कशाला असेल त्यात? सगळे छापील...” चिमणीचं वाक्य तुटलं, कारण आत्याबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला होता. झुकलेलं टपोरं अक्षर, निळा शिक्का. चिमणी बघतच राहिली.

“हे मला कधी दाखवलंच नाही. सर बोललेच नाहीत कधी,” ती पुटपुटली. “मला माहीतच नव्हतं.”

“माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. यंत्राला हे वाचता येतं?”

“नाही, बाई. त्याला हे... कोरं दिसणार. पान आहे, पण मजकूर नाही.”

“आणि दुसरी अशीच प्रत आली तर?”

“तीही कोरी.”

“मग कोरं आणि कोरं...”

“सारखंच!” चिमणीनं कपाळावर हात मारून घेतला. “शब्द न् शब्द सारखा! दोन्हीकडे एकही शब्द नाही. झाडूला वाटलं, ही सगळी एकाच निबंधाची जुळी भावंडं. त्यानं सगळ्यांत जुनं एक ठेवलं आणि बाकीची झाडली. सरांनी झाडू चालवला असेल तो हे सगळं स्कॅन होण्याआधी. म्हणून त्यांना कधी कळलं नाही.”

“ज्याला वाचता येत नाही त्याला सगळी पुस्तकं सारखीच,” आत्याबाई म्हणाल्या. “यात यंत्राला काय बोल लावायचा? पण चिमणे, झाडली म्हणजे टाकली?”

“नाही नाही. झाडू केर बाहेर टाकत नाही, कोपऱ्यात लोटतो. ‘कोपरा’ नावाचं फोल्डर आहे, एरवी दिसत नाही असं. ती सगळी तिथे...”

“ती तिथे नाहीत,” सोन्या म्हणाला. “बाबांनीच मला सांगितलं होतं. झाडू दुसऱ्यांदा मारला की आधी कोपरा रिकामा होतो, मग नवीन केर लोटला जातो. त्यावरूनच तुमचं दोघांचं भांडण झालं होतं ना?” त्यानं आईकडे बघितलं, आणि चाळीशीच्या त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. “आई, मी दोनदा मारला गं.”

६

वहिनींनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि सोडलं.

चिमणी खिडकीबाहेर बघत होती. ती बोलायला लागली, आणि तिच्या बोलण्यात तो जुना चिवचिवाट अजिबात नव्हता.

“सर म्हणायचे, केर कशाला म्हणायचं हे झाडणाऱ्याला कधी कळत नसतं. आज नको असलेलं उद्या कुणाला तरी लागतं. कोपरा कधीच रिकामा करायचा नाही. मी म्हणायची, सर, मग झाडू कशाला हवा? जागा भरेल, कॉम्प्युटर मंद होईल. दोघंही हट्टी. मी म्हटलं, माझा प्रोग्रॅम माझ्या पद्धतीनं चालेल, आणि निघून गेले. पुढे कळलं सर अंथरुणाला खिळलेत. यायचं धाडस होईना. कुठल्या तोंडानं येणार? मग एक दिवस ऑफिसात बसल्या बसल्या बाहेरून सरांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये आले, आणि कोपरा रिकामा करणारी ती एक ओळ पुसून टाकली.” तिनं डोळे मिटले. “तेवढाच बदल. सरांचं ऐकलं. पण ऐकलं, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.”

“राहून गेलं नाही गं,” वहिनी एकदम म्हणाल्या. “त्यांनी बघितलं होतं. तापात का होईना, दिवसातून एकदा उठून या खुर्चीत बसायचेच ते. ‘चिमणी येऊन गेली’ म्हणाले मला. हसत होते. मी म्हटलं, भ्रम झालाय.”

तोंडावर हात धरून चिमणी वहिनींच्या खांद्यावर टेकली, आणि वहिनी तिला थोपटत राहिल्या.

“रडणं नंतर,” आत्याबाई नाक ओढत म्हणाल्या. “ती ओळ पुसलीस म्हणजे...”

चिमणी तशीच ओल्या डोळ्यांनी खुर्चीत बसली. बोटं भरभर चालली. काळ्या पडद्यावर कोपरा उघडला, आणि एकाखाली एक ओळी उतरायला लागल्या. दव. लव. धुकं. शेवाळ. पुन्हा दव. प्रत्येकीच्या शेवटी सरांची खूण: खिडकी. मध्येच चिमणी थांबली.

“काकू, हे बघा. या निबंधाची छापील प्रत सरांकडे नंतर आली होती, मीच आणून दिली होती. तरी तुमच्या अक्षरातली स्कॅन केलीये. आणि याचीही. याचीही.” तिनं एकाचा शेरा उघडला. ‘छापील मिळाला. पण चौथ्या तक्त्यातला सात हिच्याच प्रतीत नीट वाचता येतो.’

वहिनींनी तो शेरा वाचला, आणि मग पुन्हा वाचला. “बघा,” त्या सगळ्यांना म्हणाल्या, “मी म्हणत होते ना, सातच होता.”

मास्तरांचा निबंध जवळजवळ शेवटी आला. लांबलचक तक्ते, पहाटेची वजनं, खाली अंक, पानं, आणि शिक्का.

विभागप्रमुख शनिवारी आले. मागच्यासारखे खुर्चीच्या कडेवर न बसता नीट टेकून बसले, चष्मा काढून पानं वाचली, तक्ते तपासले. शेवटच्या पानाशी येऊन ते थबकले.

“ही सही तुमची?”

“माझी.”

“म्हणजे मूळ अंकाशी ओळीनं ओळ जुळवलेली प्रत आहे.” त्यांनी पानं खाली ठेवली. “या सहीवर संशय घ्यायची माझी छाती नाही, बाई. एका टिंबासाठी तुम्ही मला दारातून परत पाठवलं होतंत. सातवं प्रकरण राहील. दवाच्या बाबतीत सर चुकलेत असं मला अजून वाटतं, पण ते मी पुढच्या निबंधात लिहीन.”

“प्रामाणिकपणे चुका,” आत्याबाई म्हणाल्या.

त्यानंतर किती तरी दुपारी सरांच्या खोलीत तिघींची बैठक भरली. यंत्राला वहिनींचं अक्षर येत नाही, तर ते त्याला शिकवण्यापेक्षा वाचून दाखवणं सोपं, असं चिमणीनं ठरवलं. वहिनी पडद्यावरचं आपलं जुनं अक्षर मोठ्यानं वाचत, चिमणी टंकत जाई, आणि आत्याबाई शेजारी बसून ओळीनं ओळ जुळवत. शिक्का केव्हाच संस्थेत जमा झाला होता. म्हणून प्रत्येक निबंध संपला की आत्याबाई शेऱ्याच्या जागी दोन बोटांनी स्वतः लिहीत: ताडून पाहिले. एका जागी त्यांनी स्वल्पविराम चुकल्याचं सांगून अख्खा परिच्छेद परत करायला लावला, तेव्हा चिमणीनं वहिनींकडे बघून डोळे फिरवले, आणि वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या.

सगळं झालं त्या दिवशी चिमणी खुर्चीतून उठली. “काकू, आता तुम्ही बसा. तुम्ही विचारा त्याला.”

“मला कुठे येतंय?”

“वास द्यायचा, एवढंच. आणून टाकतो तो.”

वहिनी बसल्या. जी खुर्ची त्या रोज पुसत होत्या, तिच्यात पहिल्यांदाच बसल्या. एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं: हुडक खिडकी.

ओळी यायला लागल्या. पडदा भरला, तरी येतच राहिल्या. वरच्या वर सरकत होत्या, खालून नव्या येत होत्या. सोन्या मागून म्हणाला, “थांबवू का, आई? वाचता यायचं नाही असं.”

“राहू दे,” वहिनी म्हणाल्या. “जाऊ दे अशाच.”